कुंभोज ते अतिग्रे : खासगी विद्यापीठाचा एक मागोवा

गेल्या जूनमधली गोष्ट. आमच्या ओळखीतले एक शेतकरी गृहस्थ एका संध्याकाळी घरी आले. मुलगी बारावी झालेली, हातात एका खासगी विद्यापीठाचे गुळगुळीत माहितीपत्रक. मी जुन्या शिक्षणसंस्थांचे कागद गोळा करतो हे त्यांना ठाऊक, म्हणून माझ्याकडे आलेले. चहा होईपर्यंत ते काही बोलले नाहीत. मग पत्रक पुढे सरकवत म्हणाले, "सर, हितली डिग्री चालती न्हवं? पैसं किती जात्यात ते कळलंय. पण उद्या काय बिघडलं तर दाद कुणाकडं मागायची?"

प्रश्न तीन होते आणि तिन्ही मार्मिक होते. पदवी कोण देतो, पैसा कोणाचा, आणि शेवटचा शब्द कोणाचा. विद्यापीठ या संस्थेचा सगळा इतिहास या तीन प्रश्नांत बसवता येतो. त्या संध्याकाळी मी त्यांना जमेल तसे उत्तर दिले, पण समाधान झाले नाही. ना त्यांचे, ना माझे. हा लेख म्हणजे त्या उत्तराची दुसरी खेप आहे.

मी प्राध्यापक नाही. नोकरी करता करता बहिःस्थ विद्यार्थी म्हणून शिवाजी विद्यापीठाची पदवी घेतली, एवढाच माझा विद्यापीठाशी औपचारिक संबंध. मात्र गेली वीस-बावीस वर्षे शिक्षणसंस्थांच्या स्मरणिका, वार्षिक अहवाल, घटनापत्रके जमतील तिथून जमवत आलो. बरेचसे कागद रद्दीच्या दुकानांतून मिळाले. त्यातून एक गोष्ट लक्षात आली. खासगी विद्यापीठ हे आजचे नवल आहे असे आपण समजतो, पण कोल्हापूर परिसरात त्याची मुळे शंभर वर्षांहून खोल गेलेली आहेत. आणि ती पाहायला फार लांब जावे लागत नाही, एक हातकणंगले तालुका पुरतो.

कोल्हापूरहून सांगलीला निघाले की हेर्ले, चोकाक ओलांडल्यावर अतिग्रे लागते. तिथे संजय घोडावत विद्यापीठ आहे, राज्य विधिमंडळाच्या कायद्याने २०१७ मध्ये स्थापन झालेले. पुढे हातकणंगले गाठून आत वळले की बाहुबलीच्या डोंगराजवळ कुंभोज. हे कर्मवीर भाऊराव पाटलांचे आजोळ आणि जन्मगाव, साल १८८७. याच तालुक्यातल्या अंबप गावी १९३५ मध्ये डॉ. डी. वाय. पाटील जन्मले, ज्यांच्या नावाची विद्यापीठे पुढे कोल्हापूर, पुणे आणि नवी मुंबईत उभी राहिली. तालुक्यातल्या तळसंदे येथेही आता त्यांच्या नावाचे कृषी व तंत्र विद्यापीठ आहे. कुंभोज ते अतिग्रे हे अंतर फार तर पंधरा-वीस किलोमीटरचे. शिक्षणाच्या कल्पनेने मात्र तेवढ्यात फार मोठा पल्ला गाठला आहे.

जागा दरबारची, कारभार समाजाचा

कोल्हापुरात 'खासगी' शिक्षणाची सुरुवात वसतिगृहांपासून झाली, आणि ती एका राजाने केली. १९०१ मध्ये राजर्षी शाहू छत्रपतींनी मराठा विद्यार्थ्यांसाठी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढले. त्याच्या मागोमाग जैन, मुस्लिम, लिंगायत अशी एकेका समाजाची बोर्डिंगे निघाली. १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग सुरू झाले. महाराजांच्या हयातीत ही संख्या वीसच्या पुढे गेली.

या बोर्डिंगांची रचना मुद्दाम पाहण्याजोगी आहे. जागा, इमारत, वार्षिक मदत दरबारची; रोजचा कारभार मात्र त्या त्या समाजाच्या मंडळाकडे. मुले शिकायला जात राजाराम हायस्कूलात आणि राजाराम कॉलेजात. म्हणजे अभ्यासाची मान्यता एकाकडे, पैसा दुसऱ्याकडे, कारभार तिसऱ्याकडे. तिघांनाही एकमेकांची गरज होती, त्यामुळे तिघांवरही एकमेकांची नजर असे. १९०२ चा पन्नास टक्के आरक्षणाचा जाहीरनामा आणि १९१७ चा सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा यांच्या जोडीने ही बोर्डिंगे पाहिली, तर त्यांच्यामागचा विचार ध्यानात येतो. शाळा काढली म्हणजे मूल शाळेत येतेच असे नाही. त्याच्या भाकरीची आणि पथारीची सोय आधी करावी लागते.

भाऊराव या व्यवस्थेत वाढले. जैन बोर्डिंगमध्ये राहून राजाराम हायस्कूलात शिकले. मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला हजर राहिल्यावर अंघोळ करून शुद्ध होण्यास त्यांनी नकार दिला आणि त्यांना बोर्डिंग सोडावे लागले, हा प्रसंग त्यांच्या चरित्रांत नोंदलेला आहे. ज्या समाजाचे बोर्डिंग, त्याच समाजाचे नियम, ही त्या रचनेची मर्यादा होती. भाऊरावांनी ती पुढे ओलांडली. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन झाली. १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे एकत्र वसतिगृह निघाले आणि १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हे नाव मिळाले.

रयत ही कायद्याच्या भाषेत खासगी संस्थाच. पण तिचा पैसा मूठमूठ धान्यापासून सरकारी अनुदानापर्यंत अनेक हातांतून आला. मुले शेतात, बांधकामावर कष्ट करून शिकली. आणि संस्था चालवायला आजीव सेवकांची फळी तयार झाली. संस्थापकाच्या घराण्यापेक्षा ही फळी मोठी ठरली, म्हणून १९५९ मध्ये कर्मवीर गेल्यानंतरही संस्था वाढत राहिली.

पदवी नसलेली विद्यापीठे

आता 'विद्यापीठ' या शब्दाकडे वळू. सरकारला न विचारता विद्यापीठ काढण्याचे धाडस महाराष्ट्रात प्रथम धोंडो केशव कर्वे यांनी केले. १९१६ मध्ये त्यांनी महिला विद्यापीठ स्थापन केले. शिक्षण मातृभाषेतून, अभ्यासक्रम स्त्रियांच्या गरजा पाहून ठरवलेला. पदव्यांची नावेसुद्धा स्वतंत्र होती : बी.ए.च्या जागी गृहीतागमा, एम.ए.च्या जागी प्रदेयागमा. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाखांची देणगी दिली आणि त्यांच्या मातोश्रींचे नाव विद्यापीठाला लागले. मात्र पदवीला कायद्याची पूर्ण मान्यता मिळाली ती १९५१ मध्ये. मधली पस्तीस वर्षे हे खऱ्या अर्थाने खासगी विद्यापीठ होते. पैसा लोकांचा होता, विचार स्वतःचा होता आणि पदवीला सरकारी नोकरीच्या बाजारात किंमत नव्हती. तरीही मुली येत होत्या.

कोल्हापूर जिल्ह्यातला याच जातीचा प्रयोग म्हणजे गारगोटीचे श्री मौनी विद्यापीठ. या प्रयोगाची आठवण कोल्हापुरातल्या सुशिक्षितांनाही अनेकदा करून द्यावी लागते, याचे मला वाईट वाटते. शहरापासून पन्नासेक किलोमीटरवर, भुदरगड तालुक्याच्या डोंगराळ मुलखात, स्वातंत्र्याच्या आगेमागे हे उभे राहिले. पाटगावला समाधी असलेल्या मौनी महाराजांचे नाव त्याला दिले गेले. त्यामागचा मुख्य माणूस होता जे. पी. नाईक.

नाईकांचा जन्म १९०७ मध्ये आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचा. मूळ नाव विठ्ठल हरी घोटगे. स्वातंत्र्यचळवळीच्या धामधुमीत जयंत पांडुरंग नाईक हे नाव घेतले आणि तेच कायम झाले. १९३२ च्या तुरुंगवासानंतर धारवाड भागातल्या खेड्यात त्यांनी काम केले. १९४० च्या दशकात कोल्हापूर संस्थानात शिक्षण आणि विकासाची जबाबदारी सांभाळली. १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगाचे ते सदस्य-सचिव होते. युनेस्कोने जगातल्या शंभर शिक्षणचिंतकांवर लेखमाला काढली, तीत गांधी आणि टागोर यांच्यासोबत या आजऱ्याच्या माणसाचाही समावेश आहे.

मौनी विद्यापीठामागची कल्पना साधी होती, पण अमलात आणायला अवघड. खेड्यातल्या मुलाने शिकून शहर गाठावे, ही उच्च शिक्षणाची ठरलेली वाट आहे. ती उलटी फिरवायची. बालवाडीपासून उच्च शिक्षणापर्यंत सगळे एका ठिकाणी आणि तालुक्याच्या शेतीशी, रस्त्यांशी, आरोग्याशी बांधलेले. या कामात शिक्षणतज्ज्ञ चित्रा नाईक त्यांच्या सोबत होत्या. याच सुमारास डॉ. राधाकृष्णन आयोगाने १९४९ च्या अहवालात ग्रामीण विद्यापीठांची शिफारस केली होती. त्या विचारावर आयोगाचे अमेरिकन सदस्य आर्थर मॉर्गन यांची छाप होती. मॉर्गन मूळचे अभियंते. अँटिऑक कॉलेजचे प्रमुख असताना त्यांनी काम आणि अभ्यास आलटून पालटून करण्याची पद्धत रुजवली होती. कर्मवीरांच्या 'कमवा आणि शिका'ची ही दूरची भावकी म्हणायला हरकत नाही.

१९५६ मध्ये केंद्र सरकारने देशात निवडक ठिकाणी ग्रामीण उच्चशिक्षण संस्था सुरू केल्या, त्यांत गारगोटी होती. ग्रामसेवेची तीन वर्षांची पदविका आणि ग्रामीण अभियांत्रिकीचे शिक्षण तिथे मिळू लागले. अडचण एकाच ठिकाणी आली. ही पदविका होती, पदवी नव्हती. गावासाठी शिकलेल्या मुलालाही नोकरीच्या अर्जात बी.ए. लिहायचे असते, पुढे एम.ए. करायचे असते. त्या दाराशी पदविका अडखळत राहिली. देशभर या संस्थांचे थोड्याफार फरकाने हेच झाले. तमिळनाडूतील गांधीग्रामला १९७६ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळून स्वतःची पदवी देता आली. गारगोटीची महाविद्यालये शिवाजी विद्यापीठाला जोडली गेली. कर्मवीर हिरे महाविद्यालय, अभियांत्रिकीची संस्था हे सगळे आजही तिथे आहे आणि परिसरातली हजारो मुले त्यातून शिकली आहेत. नाव 'विद्यापीठ' राहिले, पण स्वतःचा अभ्यासक्रम ठरवून स्वतःची पदवी देण्याचा अधिकार मात्र तिथे कधी आला नाही.

त्या शेतकरी गृहस्थांचा पहिला प्रश्न, 'डिग्री चालती न्हवं?', इतका निर्णायक का असतो, हे गारगोटीच्या कहाणीवरून कळते. उत्तम कल्पनाही या प्रश्नाशी येऊन थांबते.

सागरमाळावरचे सार्वजनिक विद्यापीठ

१८ नोव्हेंबर १९६२ रोजी तत्कालीन राष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या हस्ते शिवाजी विद्यापीठाचे उद्घाटन झाले. इतिहासकार डॉ. आप्पासाहेब पवार पहिले कुलगुरू. 'ज्ञानमेवामृतम्' हे ब्रीद. दक्षिण महाराष्ट्रातल्या मुलांची पुण्याकडची धाव त्यामुळे थांबली.

हे विद्यापीठ सरकारी कायद्याचे, पण त्याची बळकटी खासगी संस्थांच्या महाविद्यालयांत होती. रयत, बापूजी साळुंखे यांनी १९५४ मध्ये स्थापन केलेली स्वामी विवेकानंद शिक्षण संस्था, मौनी विद्यापीठ, ताराराणी विद्यापीठ, तालुक्यातालुक्यातल्या लहान संस्था, अशा सगळ्यांची महाविद्यालये त्याला संलग्न झाली. पदवी विद्यापीठाची, पगार सरकारचा, कारभार संस्थेचा. शाहूकालीन बोर्डिंगांची तिहेरी रचनाच जणू नव्या रूपात परत आली. राज्यपाल हे पदसिद्ध कुलपती. अधिसभेत प्राचार्य, शिक्षक आणि नोंदणीकृत पदवीधर यांचे निवडून आलेले प्रतिनिधी. माझ्यासारखा बहिःस्थ पदवीधरही नाव नोंदवून मत देऊ शकतो. मी ते दिलेही आहे.

या रचनेचे दोषही सांगितले पाहिजेत. शेकडो महाविद्यालयांच्या परीक्षा आणि निकाल यांतच विद्यापीठाची शक्ती खर्च होऊ लागली. अभ्यासक्रम बदलायला वर्षे लागत. प्राध्यापकांच्या जागा सरकारी परवानगीअभावी रिकाम्या राहत. अधिसभेच्या निवडणुकांत गटबाजी शिरली. सार्वजनिक म्हणजे आपोआप लोकाभिमुख, असा समज करून घेण्याचे कारण नाही.

१९८३ चे वळण

खासगी विद्यापीठाच्या आजच्या रूपाची पायाभरणी १९८३ मध्ये झाली. मुख्यमंत्री वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. तोवर महाराष्ट्रातली मुले अभियांत्रिकीसाठी कर्नाटकात जाऊन मोठ्या रकमा भरत होती. हा पैसा आणि ही मुले इथेच राहावीत, असा त्यामागचा व्यवहारी विचार. कोल्हापुरात त्याच वर्षी के.आय.टी. निघाले, तर १९८४ मध्ये कसबा बावड्यात डी. वाय. पाटील अभियांत्रिकी महाविद्यालय. १९८९ मध्ये डी. वाय. पाटील वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवायला हवी. शाहूंच्या राजधानीला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय मिळाले ते यानंतर साधारण दशकभराने. म्हणजे जिथे सरकार पोहोचले नव्हते, तिथे खासगी संस्था आधी पोहोचली. तिच्या रुग्णालयात खेड्यापाड्यांतले रुग्ण आले, तिच्यातून डॉक्टर बाहेर पडले. खासगी शिक्षणावर टीका करताना हे विसरून चालत नाही.

पण या वळणावर पैशाची दिशा बदलली. आधी पैसा देणगीदाराकडून किंवा सरकारकडून विद्यार्थ्याकडे जात होता. आता तो विद्यार्थ्याकडून संस्थेकडे येऊ लागला. देणगी या शब्दाचा अर्थच मराठीत उलटा झाला. ठाकरसींनी दिली तीही देणगी, आणि प्रवेशासाठी बापाने दिली तीही देणगी! १९८७ मध्ये राज्याला कॅपिटेशन फी प्रतिबंधक कायदा करावा लागला. पुढे सर्वोच्च न्यायालयात १९९२ पासून २००५ पर्यंत मोहिनी जैन, उन्नीकृष्णन, टी.एम.ए. पै, इनामदार अशी निकालांची मालिकाच झाली. शिक्षणात नफेखोरी चालणार नाही. पण विनाअनुदानित संस्थेला वाजवी अधिशेष राखून विस्तार करता येईल, असा त्यांचा ढोबळ निष्कर्ष निघाला. वाजवी म्हणजे किती, हा वाद अजून संपलेला नाही.

अभिमत आणि खासगी

सर्वसामान्य पालकाला जो फरक कोणी समजावून सांगत नाही, तो आता पाहू. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६ च्या कायद्यानुसार पदवी देण्याचा अधिकार मुख्यतः दोन वाटांनी मिळतो. एक, संसदेच्या किंवा विधिमंडळाच्या कायद्याने विद्यापीठ स्थापन होणे. दुसरी, कलम ३ खाली केंद्र सरकारने एखाद्या संस्थेला 'विद्यापीठासमान' म्हणजे अभिमत ठरवणे.

अभिमत दर्जा मुळात असामान्य संस्थांसाठी होता. १९५८ मध्ये बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आणि दिल्लीची भारतीय कृषी संशोधन संस्था यांना तो प्रथम मिळाला. हळूहळू व्यावसायिक महाविद्यालये चालवणाऱ्या संस्थांनाही तो मिळू लागला. पतंगराव कदम स्वतः 'कमवा आणि शिका' योजनेत शिकलेले, रयतच्या शाळेत शिक्षक राहिलेले. त्यांनी १९६४ मध्ये स्थापलेल्या भारती विद्यापीठाला १९९६ मध्ये अभिमत दर्जा मिळाला. डी. वाय. पाटील समूहाच्या नवी मुंबई, पुणे आणि कोल्हापूर इथल्या संस्थांना तो अनुक्रमे २००२, २००३ आणि २००५ मध्ये मिळाला. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर आयोगाने १२३ अभिमत संस्थांना नावातून इंग्रजी 'युनिव्हर्सिटी' हा शब्द काढायला सांगितले. गारगोटीला नाव होते आणि पदवीचा अधिकार नव्हता. या संस्थांना पदवीचा अधिकार होता आणि नावाला मनाई झाली.

दुसरी वाट खासगी विद्यापीठाची. छत्तीसगडने २००२ मध्ये असा कायदा केला की सरकारने नुसती अधिसूचना काढली की विद्यापीठ तयार. थोड्याच काळात शंभरावर विद्यापीठे कागदावर उभी राहिली. काहींचे कार्यालय एखाद्या खोलीत. प्रा. यशपाल यांनी न्यायालयात दाद मागितली आणि २००५ मध्ये ही सगळी व्यवस्था रद्द झाली. महाराष्ट्राने सावध वाट धरली. २०१४ पासून इथे एकेका खासगी विद्यापीठासाठी विधिमंडळात स्वतंत्र कायदा होत गेला. अतिग्रेचे विद्यापीठ याच वाटेने आले. जयसिंगपूरच्या उद्योग समूहाने आधी महाविद्यालये काढली, मग त्यांवर विद्यापीठ उभे राहिले.

अशा विद्यापीठाला दुसरी महाविद्यालये संलग्न करता येत नाहीत. ही अट दर्जा राखण्यासाठी योग्यच आहे, पण तिचा एक परिणाम कोणी बोलून दाखवत नाही. शिवाजी विद्यापीठ चंदगडला, गडहिंग्लजला, गारगोटीला महाविद्यालयाच्या रूपाने जाऊन बसले होते. खासगी विद्यापीठ आपल्या फाटकाच्या आत असते. विद्यार्थ्याने तिथवर यायचे.

शेवटचा शब्द कोणाचा

सार्वजनिक विद्यापीठात राज्यपाल पदसिद्ध कुलपती असतात. खासगी विद्यापीठात कुलपतीची निवड प्रायोजक संस्था करते. व्यवहारात ते पद बहुधा संस्थापकाकडे किंवा त्याच्या कुटुंबाकडे असते. डी. वाय. पाटील हे १९६७ मध्ये पन्हाळ्यातून आमदार झाले, पद्मश्री मिळवली, पुढे त्रिपुरा आणि बिहारचे राज्यपाल राहिले. कोल्हापूरच्या विद्यापीठाचे कुलपतीपद नंतर त्यांचे पुत्र डॉ. संजय पाटील यांच्याकडे आले. अतिग्रेला संस्थापक उद्योजक संजय घोडावत हेच कुलपती.

याचा लाभ उघड आहे. निर्णय लवकर होतात. नवा अभ्यासक्रम एका वर्षात सुरू होतो, प्रयोगशाळेसाठी मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागत नाहीत. गारगोटीला जे स्वातंत्र्य मिळाले नाही, ते सारे स्वातंत्र्य या विद्यापीठांकडे आहे. पण पदवी, पैसा आणि प्रमुखाची नेमणूक ही तिन्ही सूत्रे एकाच ठिकाणी आली, की एकमेकांवर नजर ठेवणारे कोणी उरत नाही. निवडून आलेली अधिसभा नाही, पदवीधरांचे मत नाही. २००९ मध्ये केंद्राने नेमलेल्या टंडन समितीने देशातल्या अभिमत संस्थांची तपासणी केली आणि ४४ संस्था या दर्जाला पात्र नाहीत असे म्हटले. कारभार शिक्षणतज्ज्ञांऐवजी कुटुंबांच्या हाती असणे, हा समितीच्या मुख्य आक्षेपांपैकी एक होता. त्यावर पुढे न्यायालयात बराच झगडा झाला. मूळ प्रश्न मात्र तसाच आहे.

घराणे म्हणजे वाईट आणि मंडळ म्हणजे चांगले, इतका हा हिशेब सोपा नाही. सार्वजनिक न्यासांची भांडणे धर्मादाय आयुक्तांकडे वर्षानुवर्षे कशी रेंगाळतात, हे माझ्या संग्रहातले कागदच सांगतात. पण रयतच्या आजीव सेवकांच्या फळीसारखे काही आपल्या खासगी विद्यापीठांत तयार होत आहे का, हे विचारायला हवे. संस्थापकाची दृष्टी एका पिढीपुरती पुरते. विद्यापीठाचे आयुष्य शतकांत मोजतात.

आणि प्रवेशाचे काय? फी भरू न शकणाऱ्या मुलांसाठी राज्य सरकारने शुल्क शिष्यवृत्तीची योजना आखली आणि तिला राजर्षी छत्रपती शाहू महाराजांचे नाव दिले. सरकारी, अनुदानित, विनाअनुदानित महाविद्यालयांतल्या मुलांना तिचा लाभ. पण योजना आखताना खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे तिच्यातून वगळली गेली. सरकारचे कारण समजण्यासारखे आहे : ज्या फीवर आपले नियंत्रण नाही, ती जनतेच्या पैशातून का भरायची? विद्यापीठांचे म्हणणेही समजते. पण निष्पत्ती अशी, की शाहूंच्या नावाची शिष्यवृत्ती शाहूंच्याच जिल्ह्यात काही फाटकांपाशी थांबते. ज्या राजाने आधी बोर्डिंगची सोय केली आणि मग मुलाला कॉलेजात धाडले, त्याच्या नावाने हे व्हावे, याची मला रुखरुख वाटते.

उत्तराची दुसरी खेप

तेव्हा त्या गृहस्थांना आता काय सांगायचे? पहिल्या प्रश्नाचे उत्तर : होय, विद्यापीठ आयोगाच्या यादीत असेल तर पदवी चालते, औषधनिर्माण, परिचर्या, विधी, वैद्यक अशा शाखांना त्या त्या परिषदेची मान्यता आहे का, तेवढे वेगळे तपासावे. यादी आयोगाच्या संकेतस्थळावर असते आणि बोगस विद्यापीठांची यादीही तिथेच मिळते.

दुसऱ्याचे उत्तर : पहिल्या वर्षाची फी विचारू नका, चारही वर्षांची लेखी मागा. वसतिगृह, परीक्षा, अनामत सगळे धरून. विद्यापीठाची स्वतःची शिष्यवृत्ती असेल तर ती दुसऱ्या वर्षी कोणत्या अटीवर चालू राहते तेही लिहून घ्या.

तिसरे उत्तर सर्वांत अवघड. आयोगाच्या २०२३ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक विद्यापीठात विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठी समिती आणि तिच्यावर लोकपाल असला पाहिजे. खासगी विद्यापीठे माहितीच्या अधिकाराखाली येतात की नाहीत, यावर आयोग आणि न्यायालये यांच्यापुढे वाद झालेले आहेत. एवढेच हत्यार पालकाच्या हाती आहे, आणि ते पुरेसे नाही. हिशेब दर वर्षी जाहीर व्हावेत, नियामक मंडळावर निवडून आलेले माजी विद्यार्थी असावेत, परिसरातल्या गरीब मुलांसाठी काही जागा फीशिवाय राखल्या जाव्यात. एवढे ज्या विद्यापीठाने आपणहून केले, ते 'खासगी' या शब्दाला पुन्हा कर्व्यांच्या आणि कर्मवीरांच्या काळचा अर्थ मिळवून देईल. त्यासाठी कायद्याची वाट पाहण्याची गरज नाही. शाहूंनी बोर्डिंग काढले, तेव्हाही त्यांना कोणी कायदा दाखवला नव्हता.

मुलीने अखेर प्रवेश घेतला. कुठे, ते इथे महत्त्वाचे नाही. परवा बसस्थानकावर तिचे वडील भेटले. लेखी फी मागितल्याचे सांगून म्हणाले, "दिली की त्यांनी. आधी कुणी मागितलीच नव्हती म्हणं." मग एस.टी. आली आणि ते चढून गेले.